सुटलेला पैलवान

रात्र बरीच झालीय. बारमधल्या पिनबॉलच्या मशीनवर एक जाडजूड माणूस एकटाच खेळतोय. खिशातली चिल्लर संपते. तो जरा झुलतच बाहेर येतो, रस्त्याकडेचा पार्किंग मीटर उघडतो, त्यातली नाणी काढून घेतो आणि पुन्हा आत जाऊन खेळायला लागतो. चोरी म्हणावी तर चोरीच आहे. पण करणारा कोण, तर गावचा शेरीफ. म्हणजे मीटरचा राखणदार तोच आणि चोरही तोच. मग तो गस्तीची गाडी घेऊन एका भरधाव गाडीमागे लागतो, मध्येच हरीण आडवं येतं, त्याला चुकवताना याची गाडी आपटते. पुढचा बराच सिनेमा तो नाकावर पट्टी लावून वावरतो.

हा सिल्व्हेस्टर स्टॅलोन. सिनेमा १९९७ सालचा ‘कॉप लँड’, लेखक-दिग्दर्शक जेम्स मँगोल्ड. ज्या नटाने पडद्यावर एकट्याने अख्ख्या पलटणी गारद केल्या, त्याला इथे सुरुवातीलाच एक हरीण लोळवतं. आणि थिएटरात कुणी हसत नाही.

आपल्याकडे ‘अंग सुटलं’ असं म्हणतात. तालीम बंद झाली पण खुराक बंद झाला नाही, की पैलवानाचं अंग सुटतं. पोट पुढे येतं, खांदे उतरतात, गळ्याशी वळ्या पडतात. पण बघणाऱ्याला ओळखू येतंच. मनगट सांगतं, मान सांगते, पाय टाकायची पद्धत सांगते, आणि मातीत घासून घासून मोडलेले कान तर सांगतातच. पारावरची माणसं त्याला शेवटपर्यंत पैलवानच म्हणतात. म्हणजे त्याच्याकडे बघताना दोन शरीरं एकदम दिसतात, आत्ताचं आणि तेव्हाचं. वय झालेल्या अ‍ॅक्शन नटाला गंभीर भूमिकेत उभं करायचं, तर भांडवल एवढंच असतं. ते दुसरं, न दिसणारं शरीर प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो. दिग्दर्शकाचं काम त्यावर काही चढवायचं नसून एकेक गोष्ट काढून घ्यायचं आहे. काय काढायचं, कोणत्या क्रमाने काढायचं आणि शेवटी त्यातलं काय परत द्यायचं, या तीन प्रश्नांवर असे सिनेमे तरतात किंवा बुडतात.

खरं तर स्टॅलोन मुळातला अ‍ॅक्शनवाला नव्हेच. जन्माच्या वेळी डॉक्टरांच्या चिमट्याने त्याच्या चेहऱ्याची नस दुखावली आणि चेहऱ्याची डावी बाजू खालून लुळी पडली. ओठ एका बाजूला ओघळलेला आणि बोलणं जरा चावल्यासारखं, ही त्याची लकब नाही, दुखापत आहे. १९७६ चा ‘रॉकी’ हा मुष्टियोद्ध्यावरचा सिनेमा दहा लाख डॉलरच्या आसपास, २८ दिवसांत उरकलेला. पटकथा त्याची स्वतःची, आणि त्यात मारामारी किती, तर सुरुवातीला थोडी आणि शेवटी एक. मधला सगळा वेळ एक एकटा माणूस कासवांशी बोलतो, एका बुजऱ्या मुलीला हसवायचा प्रयत्न करतो. शिवाय शेवटी तो हरतो. ऑस्करमध्ये अभिनय आणि पटकथा अशी दोन्ही नामांकनं त्याला मिळाली. १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’मध्ये, म्हणजे पहिल्या रॅम्बोतसुद्धा, पडद्यावर मरतो एकच माणूस, आणि तोही हेलिकॉप्टरमधून पडून. शेवटी रॅम्बो आपल्या जुन्या कर्नलसमोर लहान पोरासारखा रडतो.

मग १९८५ साल आलं. दुसरा रॅम्बो आणि चौथा रॉकी एकाच वर्षी. शरीर इतकं कोरीव झालं की चेहऱ्याकडे बघायचं कारणच उरलं नाही. गावोगावच्या व्यायामशाळांच्या भिंतींवर जो स्टॅलोन लागला तो हा. नव्वदीच्या सुरुवातीला त्याने विनोदी भूमिका करून बघितल्या, त्या आपटल्या. त्याचं कारण सोपं आहे. शरीर होतं तसंच ठेवून फक्त चेहऱ्याने विनोद करायचा होता. पैलवानाने लंगोट तसाच ठेवून वर कोट घातला तर लोक कोटाकडे बघत नाहीत. १९९५ मध्ये एका स्टुडिओने त्याला तीन सिनेमांसाठी सहा कोटी डॉलर कबूल केले, सिनेमामागे दोन कोटी. या भावात असलेला माणूस वर्षभरात युनियनच्या किमान दरावर काम करायला तयार झाला. ‘कॉप लँड’चा सगळा खर्चच दीड कोटी डॉलर होता.

गोष्ट अशी. हडसन नदीच्या एका बाजूला मॅनहॅटन, पलीकडे न्यू जर्सी. नदीपल्याड गॅरिसन नावाचं एक काल्पनिक गाव आहे (चित्रीकरण बरंचसं एजवॉटर या खऱ्या गावात झालं). न्यूयॉर्कचे पोलीस तिथे घरं बांधून राहतात. मँगोल्ड स्वतः अशाच, पोलीस आणि अग्निशामकांची वस्ती असलेल्या गावात वाढला होता, त्यामुळे अंगण, पोहण्याची टाकी, बारमधलं कोण कुणाशेजारी बसतो, हे सगळं त्याला पाठ होतं. या गावाचा शेरीफ फ्रेडी हेफ्लिन. त्याला स्वतःला न्यूयॉर्कचा पोलीस व्हायचं होतं. तरुणपणी गाडीसकट पाण्यात बुडणाऱ्या एका मुलीला त्याने वाचवलं आणि त्यात एक कान गेला. कान गेला म्हणून पोलिसातली नोकरी मिळायची राहिली. मुलीने लग्न केलं ते दुसऱ्याशी, न्यूयॉर्कच्या एका पोलिसाशी. आता ज्यांच्यासारखं व्हायचं होतं त्यांच्याच गावची राखण हा करतो, आणि ती माणसं आतून सडकी आहेत हे त्याला दिसत असूनही दिसत नाही.

आधी वजनाचं बघू, कारण बातम्या त्याच्याच झाल्या. स्टॅलोनने चाळीस पौंड चढवले, म्हणजे अठरा किलो. आता यात कौतुक किलोंचं नाही. कापडाखाली गादी बांधली तरी पोट दिसतंच. पण खुर्चीतून उठताना गुडघ्यावर टेकलेला हात, जिना चढून आल्यावर वाक्याच्या भलत्याच ठिकाणी घ्यावा लागणारा श्वास, बसल्यावर पट्ट्यावरून पुढे आलेला शर्ट दर दोन मिनिटांनी खाली ओढायची सवय, हे गादीतून येत नाही. अ‍ॅक्शन नट वर्षानुवर्षं छाती पुढे, पोट आत, वजन दोन्ही पायांवर सारखं, असा उभा राहिलेला असतो. कॅमेरा बंद असला तरी तो तसाच उभा राहतो. त्याला ‘ढेपाळून उभा राहा’ असं सांगून उपयोग नसतो. तो ढेपाळण्याचा अभिनय करेल आणि दोन मिनिटांत छाती पुन्हा पुढे येईल. अठरा किलो अंगावर आले की सांगावं लागत नाही. कंबर मागे जाते, वजन टाचांवर येतं, पाऊल आखूड पडतं.

त्यातही एक कटकट आहे जी बाहेरच्याला कळत नाही. सिनेमा काही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने चित्रित होत नाही. जागा मिळेल तसं, उजेड असेल तसं काम चालतं; शेवटचा प्रसंग सोमवारी, पहिला गुरुवारी. म्हणजे वजन नुसतं चढवून भागत नाही, शूटिंगचे सगळे आठवडे ते जिथल्या तिथे धरून ठेवावं लागतं. एरवी असे नट शूटिंगच्या आधी पाणी कमी करून शिरा वर आणतात; इथे बरोबर उलटं. बाहेर येणारं पोट बाहेर येऊ द्यायचं आणि त्याकडे दुर्लक्ष करायचं.

वजनाचा धोकाही सांगितला पाहिजे. बरेचदा वजनच अभिनय करायला लागतं आणि नट मागे बसून बघत राहतो. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. आंगिक म्हणजे अंगाच्या हालचालीतून केलेला; आहार्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, बाहेरून चढवलेलं. मग चढवलेलं वजन हे आंगिक की आहार्य? नटाने त्याच्याशी काय केलं यावर ते ठरतं. नुसतं मिरवलं तर तो मुखवटा झाला, म्हणजे आहार्य. त्याच्यामुळे माणूस जिन्याच्या पहिल्या पायरीशी अर्धा क्षण थांबला तर ते आंगिक. फ्रेडी थांबतो.

पण या भूमिकेची खरी किल्ली वजन नाही, कान आहे.

अ‍ॅक्शन नटाला सगळ्यात कमी काय करावं लागतं, तर ऐकणं. समोरचा धमकी देतो, हा शांत बघतो, मग एक वाक्य टाकतो, त्यावर शिट्टी पडते. त्या शांत बघण्यात ऐकणं नसतं, आपल्या टाळीच्या वाक्याची वाट बघणं असतं. गंभीर भूमिकेत हे नट उघडे पडतात ते इथेच. संवाद पाठ असतो, रडूही येतं, पण समोरच्याच्या वाक्याने चेहऱ्यावर काहीच हलत नाही. याला दिग्दर्शक ‘ऐक’ म्हणून सांगू शकतो. पण सांगून ऐकणारा नट आणि ऐकू येत नाही म्हणून जीव तोडून ऐकणारा माणूस यांत फार फरक असतो. मँगोल्डने पटकथेतच एक कान काढून घेतला. आता फ्रेडीला दर वेळी मान जराशी वळवून चांगला कान बोलणाऱ्याकडे करावा लागतो. नजर ओठांवर ठेवावी लागते. उत्तर अर्ध्या क्षणाने उशिरा येतं. तो उशीर बघून गावातले पोलीस त्याला मंद समजतात, आणि काही काळ आपणही समजतो. ज्या अडखळत्या बोलण्याची वीस वर्षं नक्कल झाली, ते बोलणं या माणसाच्या तोंडी एकदम साहजिक वाटायला लागतं. ज्याला स्वतःचा आवाज धड ऐकू येत नाही तो असाच बोलणार.

कानावरचा एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. फ्रेडी घरी ब्रूस स्प्रिंगस्टीनची जुनी तबकडी लावून बसतो. १९८० सालची गाणी, चोरलेल्या गाडीचं आणि रात्रभर गाडी चालवण्याचं. ती वाचवलेली मुलगी, आता बाई झालेली, लिझ (अ‍ॅनाबेला सिओरा), घरी येते. हे आता सीडीवर स्टिरिओत मिळतं, असं काहीतरी ती सहज बोलून जाते. त्याला त्याचा काय उपयोग, एवढंच तो म्हणतो. स्टिरिओला दोन कान लागतात. त्यातला एक तिच्यापायी गेलाय. हे कुणीच बोलत नाही. स्टॅलोन तिच्याकडे बघतही नाही. दुसऱ्या कुणा दिग्दर्शकाने इथे डोळ्यांचा क्लोजअप घेतला असता, संगीत वाढवलं असतं. इथे हॉवर्ड शोअरसारखा संगीतकार हाताशी असूनही तबकडीचा तोच आवाज चालू राहतो.

भोवतीची नटमंडळी बघा. हार्वी कायटेल, रॉबर्ट डी नीरो, रे लिओटा. ही सगळी न्यूयॉर्कच्या पोलीस-गुन्हेगारांच्या सिनेमांत मुरलेली. स्टारला घेऊन असा सिनेमा करताना निर्माते सहसा याच्या उलट वागतात. स्टार झाकोळला जाऊ नये म्हणून भोवती मध्यम नट घेतात. मँगोल्डने जाणून त्याच्याहून तयारीचे लोक घेतले. कारण गोष्टच ती आहे. ज्यांच्या पंक्तीला बसायची फ्रेडीची इच्छा होती आणि ज्यांनी त्याला कधी पान वाढलं नाही, अशी ती माणसं. प्रेक्षकाच्या मनात नटांची जी उतरंड आहे, तीच पडद्यावर पोलिसांची उतरंड होते. पोलीस खात्यातला चौकशी अधिकारी डी नीरो आधी गावात येऊन फ्रेडीची मदत मागतो, तेव्हा हा कच खातो. मग जेव्हा हा कागदपत्रं घेऊन त्याच्या ऑफिसात जातो, तोवर वरून प्रकरण बंद झालेलं असतं. डी नीरो सँडविच खाता खाता त्याच्यावर खेकसतो, तुला संधी दिली होती ती तू घालवलीस. स्टॅलोन समोर उभा. ना मूठ वळते, ना जबडा आवळतो. शिक्षकाने वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा तो फक्त जाऊ का नको ते बघतो. अख्ख्या कारकिर्दीतलं त्याचं सगळ्यात चांगलं काम मला तरी इथेच दिसतं.

कॅमेऱ्यानेही बरंच काढून घेतलंय. अ‍ॅक्शन नटाला नेहमी जरा खालून टिपतात, म्हणजे तो आभाळाला टेकल्यासारखा दिसतो. चेहऱ्यावर एका बाजूने उजेड, मागे मोकळी जागा. त्याची एंट्री असते: आधी बूट, मग पाठ, मग चेहरा. इथे फ्रेडीला एंट्रीच नाही. तो आधीपासून तिथे असतोच, कोपऱ्यात, काचेमागे, दोन बोलणाऱ्यांच्या मागे. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडा वर. आणि तुकडे लांब. मारामारीच्या सिनेमात दोन-अडीच सेकंदांचा तुकडा पुरतो, कारण चेहऱ्यावर काय चाललंय हे कुणी विचारत नाही. इथे एकच चेहरा पंधरा-वीस सेकंद धरून ठेवला की नटाच्या जुन्या सवयी आपोआप वर येतात, म्हणजे भुवई, जबडा, नाकपुड्या. त्या वर आल्या की तो तुकडा टाकून पुन्हा घ्यायचा, नट दमेपर्यंत घ्यायचा. दमलेला नट कमी करतो.

आता शेवट. असे बहुतेक सिनेमे इथेच घसरतात. दीड तास स्टारकडून सगळं काढून घेतलं, शेवटच्या वीस मिनिटांत निर्मात्याचा धीर सुटतो आणि बंदूक परत हातात दिली जाते. मग आधीचं सगळं दुबळेपण हा निव्वळ वाट बघायला लावण्याचा डाव ठरतो. प्रेक्षकाला वाटतं, असं होतं तर, आतून हा रॅम्बोच होता. वास्तविक ‘कॉप लँड’चाही शेवट बंदुकीनेच होतो. फ्रेडी एका लपवलेल्या तरुण पोलिसाला साक्षीसाठी शहरात न्यायला निघतो. त्याच्यावर हल्ला होतो, आणि त्याच्या चांगल्या कानाशी पिस्तूल धरून गोळी झाडली जाते. दुसरा कानही गेला. पुढची सगळी मारामारी तो बहिरा होऊन करतो, आणि आपणही बहिरे होऊन बघतो. गोळ्यांचा आवाज नाही. फक्त एक बारीक सूं आणि पाण्याखाली असल्यासारखी घुसमट. ज्या पाण्यातून त्याने ती मुलगी काढली, तेच पाणी आता डोक्यात भरलंय असं वाटतं. रस्त्यावरून तो चालत जातो ते वीरासारखं नाही, पाय कुठे पडतोय ते न कळल्यासारखं. शेवटी कायटेल, म्हणजे त्या सडक्या पोलिसांचा म्होरक्या, मरता मरता काहीतरी बोलतो, मोठं वाक्य असणार, टाळीचं असणार. फ्रेडी सांगतो, मला ऐकू येत नाही. खलनायकाचं शेवटचं वाक्यच सिनेमाने काढून घेतलं! बंदूक परत दिली खरी, पण त्याबदल्यात उरलेला कान ठेवून घेतला.

एक खटकतंच: त्या चकमकीतलं स्लो मोशन जरा देखणं झालंय. आवाज काढल्यावर गतीही काढायची गरज नव्हती.

पैशाच्या हिशेबात सिनेमा पडला नाही. अमेरिकेत साडेचार कोटी डॉलरच्या आसपास धंदा, म्हणजे खर्चाच्या तिप्पट. स्टॉकहोमच्या महोत्सवात स्टॅलोनला अभिनयाचं बक्षीस मिळालं. ऑस्करवाल्यांनी ढुंकून बघितलं नाही. आणि स्टॅलोनने नंतर मुलाखतींत सांगितलं की या सिनेमाने त्याचं नुकसानच केलं. हे ऐकायला कृतघ्नपणाचं वाटतं, पण धंद्याच्या बाजूने बघितलं तर खोटं नाही. जाडा, हरलेला, बहिरा स्टॅलोन लोकांनी बघितला तो अभिनय म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. गंभीर भूमिका देणाऱ्यांना वाटलं ही एक वेळची गंमत होती; मारामारीच्या भूमिका देणाऱ्यांना वाटलं हा आता संपला. दोन्ही दारं एकदम लोटली गेली. जो माणूस दोन कोटी सोडून किमान दरावर येतो, त्याला पुढच्या वेळी दोन कोटी कोण देणार? पुढची सात-आठ वर्षं त्याचे जे सिनेमे आले त्यांची नावंही आज आठवावी लागतात.

थोडं इतरांकडे बघून येऊ. क्लिंट ईस्टवुडने हा हिशेब आधीच बरोबर मांडला होता. ‘अनफरगिव्हन’ची पटकथा त्याच्याकडे कितीतरी वर्षं पडून होती. त्याने ती तशीच ठेवली, भूमिकेच्या वयाचा होईपर्यंत. १९९२ मध्ये सिनेमा आला तेव्हा तो ६२ वर्षांचा. त्यातला विल मनी डुकरांच्या मागे चिखलात पडतो, घोड्यावर चढताना घसरतो. जुनं पिस्तूल काढून डब्यावर नेम धरतो, चुकतो, पुन्हा चुकतो. मुलं बघत असतात. शेवटी तो गुपचूप घरात जातो, मोठी बंदूक आणतो आणि डबा उडवतो. हसूही येतं आणि पोटात गोळाही येतो. तिथेही शेवटी बंदूक परत मिळते, पण आधी दारूची बाटली तोंडाला लागते, आणि जो परत येतो तो आपल्याला नकोसा झालेला माणूस असतो. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनाचं ऑस्कर घेऊन गेला तो. नटापेक्षा वाट बघणाऱ्याचं हे कौशल्य म्हणायला हवं.

ज्याँ-क्लोद व्हॅन डॅमच्या २००८ च्या ‘जेसीव्हीडी’त सुरुवातीला एक लांबलचक मारामारी एकाच तुकड्यात घेतली आहे. कुठेही कट नाही, त्यामुळे दम लागलेला लपवायला जागाच नाही. तुकडा संपल्यावर तो दिग्दर्शकाकडे तक्रार करतो की मी आता ४७ वर्षांचा आहे. इथे काढून घेतली ती संकलकाची कात्री. मग मध्येच तो खुर्चीसकट सेटच्या वर उचलला जातो आणि कॅमेऱ्याकडे बघत साताठ नव्हे, तरी सहा मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. भाबडं आहे, जास्तीचंही आहे, तरी खोटं नाही. याउलट श्वार्झनेगरचा २०१५ चा ‘मॅगी’. मुलगी आजारी, बाप हताश. भूमिका चांगली, दाढी पांढरी, कॅमेरा गंभीर. पण शरीराला करायला कामच ठेवलं नाही. नुसती मारामारी काढली आणि तिच्या जागी उदास उजेड भरला. एवढं मोठं शरीर खुर्चीत बसवून ठेवलं की ते फर्निचर होतं.

आणि मँगोल्ड? त्याने वीस वर्षांनी हेच पुन्हा केलं. २०१७ चा ‘लोगन’. ह्यू जॅकमन हा वुल्व्हरिन, म्हणजे पंजातून पाती निघणारा सुपरहिरो, २००० सालापासून करत होता. नव्या सिनेमात तो लंगडतो, बारीक अक्षर वाचायला चष्मा लावतो. पहिल्याच मारामारीत पंजातून पाती बाहेर येतात, त्यातलं एक अर्ध्यातच अडकतं. नंतर त्याला ते हाताने ओढून बाहेर काढावं लागतं. ज्याने फ्रेडीचा कान काढून घेतला, त्यानेच हे पातं अडकवलं. कुठला भाग बिघडवला म्हणजे सगळं यंत्र माणसासारखं दिसायला लागतं, हे त्याच्याइतकं फार थोड्यांना कळलंय.

स्टॅलोनला मात्र दुसरी संधी मिळायला १८ वर्षं लागली. २०१५ चा ‘क्रीड’. दिग्दर्शक रायन कूगलर २९ वर्षांचा, म्हणजे पहिला ‘रॉकी’ आला तेव्हा जन्मलाही नव्हता. आणि रॉकीच्या मालिकेतला हा पहिला सिनेमा ज्याची पटकथा स्टॅलोनची नाही. मला वाटतं त्याच्याकडून काढून घेतलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. स्वतः लिहिताना तो रॉकीच्या तोंडी नेहमी एक लांब उपदेश घालायचा. इथे उपदेश लिहायची वही दुसऱ्याच्या हातात.

यात वजन चढवलेलं नाही, कान बहिरा केलेला नाही. गरजच नव्हती; तो ६९ वर्षांचा होता. फ्रेडीचं म्हातारपण उसनं होतं, शूटिंग संपल्यावर जिममध्ये फेडता येणारं. हे फेडता येणारं नव्हतं. म्हणून कूगलरने त्याला काही करायलाच लावलं नाही. व्यायामाची यादी रॉकी कागदावर लिहून देतो. अडॉनिस, म्हणजे त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचा मुलगा, मोबाइलने यादीचा फोटो काढतो आणि कागद परत करतो. फोन हरवला तर? तर ते क्लाउडमध्ये आहे. रॉकी मान वर करून आभाळाकडे बघतो, कुठल्या ढगात? विनोद साधाच आहे. पण त्या वर बघण्यात घाई नाही, आपण विनोद करतोय याची जाणीव नाही. नव्वदीतल्या विनोदी सिनेमांत जे जमलं नाही ते इथे एका नजरेत जमलं, कारण आता शरीर मध्ये येत नव्हतं.

मग कर्करोग निघतो. डॉक्टर सांगते, केमोथेरपी घ्यायला हवी. तो आरडाओरडा करत नाही. बायकोने हेच सोसलं आणि तरी गेली, मग मी का घ्यावं, एवढाच मुद्दा, तोही टोपी हातात धरून. पुढे उपचार सुरू असताना अडॉनिस दवाखान्याच्या बोळातच सराव करतो, हा पांघरुणातून बघतो. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाच्या ७२ पायऱ्या १९७६ मध्ये त्याने धावत चढल्या होत्या, स्टेडिकॅम नावाचं, धावतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारं, तेव्हा नवंकोरं असलेलं यंत्र त्याच्या मागे धावलं होतं. इथे तो पोराच्या आधाराने चढतो, मध्ये थांबतो, दम खातो. सहायक नटाचं गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं नामांकन मिळालं, ऑस्कर मात्र मार्क रायलन्सला गेलं.

पण बक्षिसाच्या प्रसंगांपेक्षा एक छोटी गोष्ट बघा. रॉकी कबरस्तानात येतो. तिथल्या झाडाच्या फांदीत घडीची खुर्ची अडकवून ठेवलेली आहे. ही खुर्ची आपण २००६ च्या ‘रॉकी बाल्बोआ’त बघितलेली असते, बायको गेल्यावर तो तिच्याजवळ येऊन बसायचा. तो हात वर करून ती काढतो. कुठे आहे ते बघावं लागत नाही. उघडतो, नीट टेकवतो, बसतो, चष्मा लावतो आणि पेपर मोठ्याने वाचायला लागतो. बायकोसाठी फुलं आणलीत, मेव्हण्यासाठी दारूची बाटली. खुर्ची तीच आहे. थडगी आता दोन झालीत.